दक्षिणेच्या रानातल्या पेट्या

२१ ऑगस्ट

बांधावरचे वेलसुद्धा गेले! परवापर्यंत फुललेले होते, मधमाश्या त्यांच्यावर नुसत्या लगडलेल्या. आज बघते तर तपकिरी. चुलीतून ओढून काढल्यासारखे. आणि पलीकडे सोया — हिरवागार, माजलेला, एक पान वाकडं नाही.

म्हणजे तेच बियाणं. तणनाशक पिऊनही न मरणारं. प्रयोगशाळेत त्याची घडणच बदलतात म्हणे, मग वर कितीही ओता — तो सोडून बाकी सगळं मरतं. कोर्टाने मनाई केलीय त्याला. पण कोर्ट मेक्सिको शहरात, शेत इथे. इथे कोण येतंय बघायला!

आणि फवारलं कुणी? माझ्या सख्ख्या भावाने. वाल्दोदादाने. मी रस्त्यावरून हातवारे करून ओरडले, "बांध सोड, बांध सोड!" — तर त्या मशीनच्या काचेच्या खोलीतून त्यानेही हसून हात हलवला. त्याला वाटलं, बहीण कौतुकाने बघतेय.

२३ ऑगस्ट

पेट्यांना साखरपाणी ठेवावं लागलं. ऑगस्टात! या दिवसांत माश्यांना भीक घालायची वेळ आमच्या गावात कधी आली नव्हती.

३० ऑगस्ट

आज गावकीच्या फळ्यावर कागद लागला. रेमीहिओ शेठला — म्हणजे ज्याचा हा सगळा सोया, ज्याच्याकडे दादा कामाला — आता दक्षिणेचं रान हवंय. तीस वर्षांच्या खंडाने. २१ ऑक्टोबरला गावसभा, हात वर करून मतदान.

दक्षिणेचं रान! आमच्या सगळ्या पेट्या तिथे आहेत. मुळात तिथे नेल्या कशाला? गेल्या वर्षी जर्मनीहून आमच्या मधाची पिंपं परत आली म्हणून. मधात सोयाचे परागकण निघाले, त्या बदललेल्या सोयाचे. "असला मध आमच्याकडे चालत नाही." आता माशीला काय कळतं, कुठलं फूल देवाचं आणि कुठलं प्रयोगशाळेचं! मग आम्ही बायांनीच पेट्या पाठीवर मारून दक्षिणेला हलवल्या, सोयापासून लांब. आता सोया आमच्या मागे मागे येतोय.

संध्याकाळी आमच्या मधवाल्या बायांच्या गटातल्या सगळ्या जणी नेल्मीच्या अंगणात जमल्या. नेल्मी म्हणाली, "रडत बसू नका गं. मतं कुणाला आहेत ते बघा."

मतं गावकीच्या जमिनीच्या हक्कदारांना. हक्कदार म्हणजे सगळे बाप्ये, आणि नवरे मेलेल्या काही म्हाताऱ्या. आमच्या गटात एकीलाही मत नाही. माझ्या घरात आहे — आईला. बाबा गेल्यावर त्यांचा हक्क तिच्या नावावर आला.

घरी येऊन आईला विचारलं, "तू कुणाकडून?" ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "तव्याकडे बघ, करपतेय."

६ सप्टेंबर

दादा जेवायला आला होता. वहिनी माहेरी गेलीय. काळा घेवडा, मक्याच्या भाकऱ्या, भाजलेली मिरची. पहिल्या घासापर्यंत सगळं ठीक होतं.

मग त्यानेच काढलं. "आई, तुझं मत शेठलाच हं."

मी म्हटलं, "का? तिचं तोंड नाही का तिला?"

"तू मधे बोलू नकोस, लान्दी. रान खाऊन पोट भरतं का? काय आहे त्या रानात? साप आणि तुझ्या माश्या."

"पाऊस आहे त्या रानात. आपल्या विहिरीचं पाणी आहे. आधी उत्तरेचं रान तोडलंत, दोन ट्रॅक्टरमधे साखळी लावून. बघितलंय ना? आता दुपारी वारा येतो तो भट्टीसारखा."

"वाराही आता शेठचाच का?" — असं म्हणून हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "माझी पोर कांपेचेत नर्सिंग शिकतेय. ती कशावर शिकतेय? या मशीनवर. तुला ना पोर ना संसार. तुला माश्यांची काळजी करायला फुरसत आहे."

हे आईसमोर. मी उठून बाहेर गेले. अंगणात आईच्या लाकडी ओंडक्यांत तिच्या बिनडंखाच्या माश्या आहेत, तिच्या आईपासून चालत आलेल्या. त्यांच्याजवळ उभी राहिले. आतून आईचा आवाज आला, "वाल्दो, तुला अजून घेवडा?"

एवढंच! मला हाक नाही, त्याला दटावणं नाही. घेवडा!

१७ सप्टेंबर

चार दिवस पाऊस. सोयाच्या सखल भागात गुडघाभर पाणी. पूर्वी रान होतं तेव्हा हे पाणी झाडांखाली हळूहळू मुरायचं. आता उभं राहतं, आणि सोयाची मुळं कुजतात. मग शेठने काय केलं? बोअरचं यंत्र आणलं. जमिनीला खोल भोक पाडलं आणि सगळं पाणी त्यात सोडलं. गढूळ, फेसाळ, फवारणीच्या वासाचं. गटगट आवाज करत खाली गेलं.

दादा तिथेच उभा होता. कंबरेवर हात, मोठा इंजिनियर असल्यासारखा. "बघ, तासाभरात शेत मोकळं!"

मी म्हटलं, "ते पाणी गेलं कुठे, दादा?"

"खाली गेलं."

"खाली काय आहे?"

तो यंत्राकडे वळला. इथलं शेंबडं पोरही सांगेल खाली काय आहे. इथे नदी नाही. चुनखडीच्या खाली सगळं गाव पितं ते पाणी आहे.

१९ सप्टेंबर

विहिरीच्या पाण्याला वास. आई म्हणाली, "वास तुझ्या डोक्यात आहे." पण सकाळची कॉफी तिने केली नाही.

४ ऑक्टोबर

सोया पिवळा पडायला लागला आणि आज पांढरी माशी उठली. एवढी मी जन्मात पाहिली नाही! सोयाचा पाला वाळला, रस संपला — मग ढगच्या ढग उठून गावात. दारात उभं राहिलं की तोंडात जातात, डोळ्यांत जातात. वाळत घातलेले कपडे राख पडल्यासारखे पांढरे.

मैलोन् मैल एकच पीक. त्यात ना गवत, ना वेल, ना त्या माशीला खाणारे दुसरे किडे. मग ती वाढेल नाही तर काय करेल?

सगळ्यात जास्त झळ नेल्मीला. तिचं भोपळ्याचं शेत दक्षिणेच्या रानाला अगदी लागून. आम्ही भोपळा लावतो तो बियांसाठी, बियांवरच तिचं वर्ष चालतं. नवरा कान्कूनला हॉटेलात भांडी घासतो, दोन-दोन महिने पैसे पाठवत नाही. आज गेले तर ती बांधावर बसलेली. पानं उलटून दाखवली — खालची बाजू पांढरी, हात लावला की भुर्रकन उडते आणि परत तिथेच बसते. पानं चिकट, काळी.

"राख टाकली," म्हणाली. "साबणाचं पाणी मारलं. कडुनिंबही मारला. लान्दी, ती हसतेय गं मला."

मी म्हटलं, "सभेपर्यंत थांब. रान वाचलं की पुढच्या वर्षी—"

"पुढच्या वर्षी!" एवढंच बोलली. 

१० ऑक्टोबर

विमान आलं. पिवळं, एवढं खाली की घरांचे पत्रे थरथरले. सोयावरून चार-पाच फेऱ्या. दुपारी वारा दक्षिणेकडे होता. मी ओढणीने तोंड झाकून अंगणात धावले, आईच्या ओंडक्यांवर ओली पोती टाकली.

१२ ऑक्टोबर

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

सकाळी रानात गेले. वाटेवर असतानाच कळलं — आवाज नव्हता. रोज शेवटच्या वळणावर आवाज येतो, लांबून पाऊस येतोय असा. आज काही नाही. पक्षी बोलत होते, एवढंच.

पेट्यांसमोर माश्यांचे ढीग. ओले, काळे, कॉफीच्या चोथ्यासारखे. काही अजून हलत होत्या. पाठीवर पडून गोल गोल फिरत होत्या, जीभ बाहेर. एक माझ्या बोटावर घेतली. डंख मारायचंही भान नव्हतं तिला.

एकेक पेटी उघडली. माझ्या, नेल्मीच्या, सगळ्यांच्या. आत चौकटींवर पिल्लं तशीच, वर पांढरी झाकणं — आणि त्यांना भरवायला कुणी नाही. एका पेटीत राणी जिवंत होती. तिच्याभोवती मूठभर माश्या. ती चालत होती, मेलेल्यांवरून चालत होती, घर शोधत.

मी खाली बसले. रडले का, आठवत नाही.

मग गावात आले आणि ओरडले. ते आठवतं. दुकानासमोर उभी राहून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडले — "विमानाने मारलं! शेठच्या विमानाने मारलं!"

१३ ऑक्टोबर

सगळं गाव रानात जाऊन बघून आलं. जे बाप्ये आम्हाला "माशावाल्या" म्हणून चिडवायचे ते टोप्या काढून उभे राहिले. गावकीचे प्रमुख तासिओकाका ढिगातल्या माश्या हातात घेऊन बघत होते. म्हणाले, "माझ्या बापाच्या पेट्या होत्या इथे."

मेरिदाच्या विद्यापीठातून ईत्सेल आली. तरुण पोरगी, पायात रबरी बूट, माया भाषा आमच्यासारखीच बोलते. मेलेल्या माश्या आणि पेट्यांवरच्या झाडांची पानं डब्यांत भरून बर्फात ठेवून घेऊन गेली. म्हणाली, "ताई, कुठलं विष ते नक्की कळेल. पण दोनेक आठवडे लागतील."

सभा त्याच्या आधीच आहे. पण आता सभेची काळजी कुणाला! परवापर्यंत निम्मं गाव शेठचं होतं. आज दुकानात एकजण शेठची बाजू घेऊन बोलायला लागला तर लोकांनी त्याला शिव्या घालून बाहेर काढलं. नेल्मी मात्र आज आली नाही. अंग दुखतंय, असा निरोप पाठवला.

१५ ऑक्टोबर

दादाच्या मोटारसायकलची दोन्ही चाकं कुणीतरी फाडली. दारावर कोळशाने लिहिलं — "माशीमाऱ्या". वहिनी परत आलीय, ती घराबाहेर पडत नाही.

तो आला. जेवायला नाही. दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

"विमानाची टाकी मी भरली, लान्दी. माझ्या हाताने भरली. फक्त कापणीआधी पीक वाळवायचं औषध होतं. किड्यांचं नव्हतं."

"मग माश्या काय प्रार्थना करता करता मेल्या?"

"मला माहीत नाही कशाने मेल्या. मला माझ्या टाकीचं माहीत आहे." आईकडे बघून म्हणाला, "आई, तुझ्या गळ्याची शपथ. त्यात माशीला मारणारं काही नव्हतं."

आई त्याच्याजवळ गेली. त्याच्या गालावर हात ठेवला. लहानपणी ताप बघायची तसा.

मी म्हटलं, "खोटी शपथ घेऊ नकोस आईची."

तो गेला. आई त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेली.

१७ ऑक्टोबर

नेल्मीकडे गेले. अंग दुखतंय म्हणून रस्सा घेऊन गेले होते. ती झोपाळ्यात पडून होती, तोंड भिंतीकडे. मला बघून उठून बसली आणि म्हणाली, "दार लाव."

मग सांगितलं. एका दमात सांगितलं, जसं उलटी होते तसं.

विमान आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ११ तारखेला सकाळी, तिने भोपळ्यावर फवारलं होतं. ओपेलचेनच्या दुकानातून आणलेलं. दुकानदार म्हणाला, हे मारा, पांढरी माशी दिवसभरात साफ. भोपळा फुलावर होता. "मला माहीत होतं गं फुलावर मारायचं नसतं. मला माहीत होतं! पण सगळं वर्ष डोळ्यांसमोर काळं पडत होतं. आणि आपल्या माश्या... दुसरं काही फुललंच नाहीये ना कुठे, त्या सगळ्या माझ्याच भोपळ्यावर होत्या. मी फवारत होते आणि त्या फुलात घुसत होत्या. मी बघत होते, लान्दी."

मी रस्सा खाली ठेवला. 

"माझ्याही पेट्या मेल्या," म्हणाली. "माझ्याही."

मी तिला मारलं नाही. जवळही घेतलं नाही. उठून आले. तिने दुकानातून आणलेल्या बाटलीवरचं नाव तेवढं विचारून घेतलं आणि घरी येऊन ईत्सेलला फोनवर कळवलं. ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, ते वेगळं तपासते." 

१८ ऑक्टोबर

म्हणजे दादा खरं बोलत होता.

१९ ऑक्टोबर

दिवसभर हाच विचार. गप्प बसले तर रान वाचतं. गाव पेटलेलं आहे, शेठला परवाच्या सभेत उभंही करणार नाहीत. आणि शेठ काही साव नाही! पांढरी माशी कुणाच्या शेतातून आली? बांधावरची फुलं कुणी मारली? माझ्या माश्यांना त्या एका भोपळ्याच्या तुकड्यावर कुणी ढकललं? नेल्मीच्या हातात ती बाटली शेवटी कुणी दिली? मग दोष त्याचाच ना? थोडं वाकडं बोट केलं तर काय बिघडलं?

पण काल रात्री दादाच्या खिडकीवर दगड पडला. काच वहिनीच्या पायात घुसली. आज सकाळी मी गेले तर तिने दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "खूश झालात ना वन्सं?"

माझा भाऊ आहे तो. मी त्याला गावासमोर खुनी ठरवलं.

२० ऑक्टोबर

नेल्मीला सांगितलं की उद्या मी बोलणार. तुझं नाव घेणार नाही.  मी निघताना ती म्हणाली, "रान जाईल मग." मी म्हटलं, "माहीत आहे."

माहीत आहे का मला खरंच?

२१ ऑक्टोबर

सभा झाली. नीट लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

शाळेच्या पडवीत. हक्कदार पुढे बाकांवर, बाकीचे भिंतीला टेकून. रेमीहिओ शेठ पांढऱ्या सदऱ्यात, एका बाजूला. त्याच्यामागे दादा. कुणी त्याच्या शेजारी उभं राहिलं नव्हतं.

शेठ दोन वाक्यं बोलला तोच आरडाओरडा. "माश्यांचं बोल! आधी माश्यांचं बोल!" कुणीतरी चप्पल फेकली. मी हात वर केला. तासिओकाका म्हणाले, "लान्दीला बोलू द्या. पेट्या तिच्या होत्या." सगळे शांत झाले. सगळे माझ्याच बाजूने होते! बायांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकललं.

मी म्हटलं, "माश्या विमानाने मेल्या नाहीत."

पाठीवरचे बायांचे हात एकदम निघाले. 

मी सांगितलं. आमच्यापैकीच एकीने फवारलं, पांढऱ्या माशीला घाबरून. आणि मग तिच्यामागचं सगळं सांगायला लागले — की पांढरी माशी आली कुठून, बांध का करपले, त्या बोअरमधून काय खाली गेलं, माशीला एकच शेत का उरलं. पण ते कुणी ऐकतंय असं वाटेना. पहिल्या वाक्यानंतर माझा आवाज माझ्याच कानाला लांबून येत होता. शेठ हसला नाही. हसला असता तर बरं. त्याने नुसतं रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाला, "या बाई प्रामाणिक आहेत. मी याहून जास्त काय बोलू?"

गटातली एक ओरडली, "कोण ती? नाव सांग!"

 तेव्हा मागून नेल्मी उभी राहिली. "मी," म्हणाली. आणि तशीच उभी राहिली, सगळ्यांनी बघेपर्यंत.

मग मतदान. आधी रान न देण्याच्या बाजूने — बरेच हात. मला वाटलं, जमलं! मग देण्याच्या बाजूने. बाप्यांचे हात एकेक करून वर आले. आणि मग आईचा. हळूहळू, खांदा दुखतो ना तिचा. तिचा हात गेला तसे तिच्या बाकावरच्या तिघी म्हाताऱ्यांचेही गेले. त्या नेहमी आईकडे बघूनच करतात सगळं.

दोन हातांनी रान गेलं.

घरी येताना आई म्हणाली, "तूच तर म्हणालीस गं, त्यांची चूक नव्हती. आणि त्याने माझ्या गळ्याची शपथ घेतली होती, तू खोटी म्हणालीस. ती खरी निघाली. मी त्याचं ऐकायचं नाही तर कुणाचं?"



२२ ऑक्टोबर

गटातलं कुणीही आलं नाही.

२५ ऑक्टोबर

दादा आला. आत आला या वेळी. कलिंगड घेऊन आला होता. माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "तू माझ्यासाठी उभी राहिलीस." डोळे भरले होते त्याचे. मीही रडले. आईने कलिंगड कापलं. पहिली फोड त्याला, दुसरी मला.

म्हणाला, करारावर सह्या नोव्हेंबरच्या सुरुवातीचे पितरांचे दिवस संपले की होतील. तोवर पेट्या हलव, मी ट्रक घेऊन येईन, मदत करीन. उरल्यात काय हलवायला? ती एक राणी आणि तिच्या मूठभर. तरी बरं वाटलं.

रस्त्याकडेला ट्रॅक्टर येऊन उभे आहेत. मागे साखळी, बोटीच्या नांगराची असते तशी. एकेक कडी माझ्या डोक्याएवढी.

२८ ऑक्टोबर

नेल्मीने भोपळे उपटले. सगळे. पांढरी माशी त्याच्यावरून उठून आता कुणाच्या तरी मिरच्यांवर गेलीय. मी जाऊन तिच्याबरोबर वेल ओढू लागले.  दुपारी तिने तिच्या डब्यातलं मक्याचं पीठ कालवलेलं पाणी मला दिलं, मी प्यायले.

३० ऑक्टोबर

दुपारी ईत्सेलचा फोन आला. आई पितरांना ठेवायच्या बाबांच्या ताटासाठी केळीच्या पानांत मक्याचे गोळे बांधत होती, दादा चुलीजवळ जेवत होता.

ईत्सेल म्हणाली, "ताई, भोपळ्यावरचं औषध सापडलं. पण नावाला. तेवढ्याने एवढ्या माश्या मरत नाहीत. मारलं ते दुसऱ्या विषाने — ते लगेच नाही, एक-दोन दिवसांनी मारतं. ते दुकानात सुटं मिळत नाही, ते विमानातूनच फवारतात. पेट्यांवरच्या पानांवरही तेच आहे. दोनदा तपासलं."

मी फोन ठेवला. दादाला म्हटलं, "टाकीत दुसरं काय घातलं होतं?"

त्याने मान खाली घातली. भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही.

आईने हात पुसले. त्याच्यासमोरचं ताट उचललं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "चल. तासिओकडे जाऊ. वाटेत त्या तिघींनाही घे. मला माझा हात खाली घ्यायचाय."